केमाल आतातुर्क आणि तुर्कस्तानची सीमा

भूगोलाच्या तासाला आशिया आणि युरोप यांची सीमा दाखवितांना शिक्षकांची छडी एका अरुंद जलमार्गावर येऊन थांबते. काळ्या समुद्राचें पाणी बॉस्फरसच्या सामुद्रधुनींतून मार्मोराच्या समुद्रांत येतें व तेथून दार्दानेल्सच्या सामुद्रधुनींतून भूमध्य समुद्राकडे जातें. बॉस्फरसची रुंदी एके ठिकाणीं पाऊण किलोमीटरहूनही कमी आहे. रशियाच्या दक्षिणेकडील बंदरांना जगाकडे जाण्याची समुद्रवाट हीच. ज्याच्या अंगणांतून बलाढ्य शेजाऱ्याची वहिवाट जाते, त्याला निश्चिंत झोंप कशी लागणार? तुर्कस्तानच्या परराष्ट्रनीतीची पुष्कळशी उकल या वहिवाटींत आहे. परंतु सर्व नाहीं. आपल्या देशाची सीमा कोठपर्यंत न्यावी व कोठें थांबवावी, या प्रश्नाचें उत्तर त्या राष्ट्राला ज्या पुरुषानें मिळवून दिलें, त्या मुस्तफा केमालचें चरित्र त्यासाठीं पाहिलें पाहिजे.

मुस्तफाचा जन्म १८८१ सालीं सालोनिका येथें झाला. हें बंदर त्या काळीं तुर्की साम्राज्यांत होतें, आणि तेथील बाजारांत यहुदी, तुर्क, ग्रीक व बल्गेरियन हे एकमेकांच्या दुकानांना दुकानें लावून व्यापार करीत. वडील अली रिझा हे जकात खात्यांत नोकरीस होते व पुढें त्यांनीं इमारती लांकडाचा व्यापार केला. मुलगा लहान असतांच ते वारले. आई झुबेदे ही धर्मनिष्ठ होती. मुलानें धर्मशिक्षण घ्यावें अशी तिची इच्छा, तर मुलाचें सारें लक्ष लष्करी गणवेषाकडे. तिला न कळवितां त्यानें लष्करी शाळेची प्रवेशपरीक्षा दिली व तींत तो उत्तीर्ण झाला. त्या शाळेंतील गणिताच्या शिक्षकांचें नांवही मुस्तफाच होतें. त्यांनीं या हुशार शिष्याला केमाल, म्हणजे परिपूर्णता, असें दुसरें नांव दिलें. वर्गांत दिलेलें नांव जगाच्या इतिहासांत राहिलें, ही गोष्ट आमच्या शिक्षकवर्गाला थोडी सुखावणारी आहे!

१९०५ सालीं तो इस्तंबूलच्या उच्च लष्करी विद्यालयांतून कप्तान होऊन बाहेर पडला. ज्या साम्राज्याचा तो अधिकारी झाला, तें साम्राज्य तेव्हां जुन्या वाड्याप्रमाणें एकेका बाजूनें ढांसळत होतें. १९११ सालीं इटालीनें त्रिपोलीवर हल्ला केला. केमाल तिकडे वाळवंटांत लढत असतांच १९१२ च्या ऑक्टोबरांत बाल्कन राष्ट्रांनीं एकजुटीनें तुर्कस्तानवर चाल केली, आणि नोव्हेंबरांत सालोनिका ग्रीकांच्या स्वाधीन झालें. त्याची आई व बहीण निर्वासितांच्या लोंढ्याबरोबर इस्तंबुलास आल्या.

या घटनेवर वाचकांनीं क्षणभर थांबावें. आपलें जन्मगांव, आपली शाळा, आपल्या बापाचें घर, हें सर्व परराष्ट्रांत गेलेलें पाहण्याचा प्रसंग फार थोड्या सेनापतींवर येतो. पुढें दहा वर्षांनीं याच ग्रीसच्या सैन्याचा त्यानें संपूर्ण पराभव केला. तेव्हां सालोनिका परत मागण्याचा मोह त्याला झाला असता, तर कोणालाही नवल वाटलें नसतें. परंतु त्यानें तें मागितलें नाहीं. तेव्हांही नाहीं व नंतरही नाहीं. केमालच्या राजनीतीचें मर्म मला या न मागण्यांत दिसतें.

१९१४ सालीं एन्व्हर पाशा व त्याचे सहकारी यांनीं साम्राज्याला जर्मनीच्या बाजूनें महायुद्धांत लोटलें. केमाल त्या वेळीं सोफिया येथें लष्करी वकील होता. ही घाई त्याला पसंत नव्हती. तथापि युद्ध पेटल्यावर त्यानें रणांगणावर जाण्याची परवानगी मागून घेतली. २५ एप्रिल १९१५ रोजीं दोस्त राष्ट्रांचें सैन्य दार्दानेल्सच्या कांठीं, गॅलिपोलीच्या द्वीपकल्पावर उतरलें. सामुद्रधुनी उघडावी, इस्तंबूल घ्यावें व रशियाला मदत पोंचवावी, असा त्यांचा बेत होता. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील फौजेचा सेनापति होता जनरल बर्डवुड. हा आपल्या पुण्याशेजारच्या खडकी येथें जन्मलेला. त्याच्या फौजेबरोबर हिंदी पहाडी तोफखानाही होता. समोर केमालची एकोणिसावी डिव्हिजन राखीव होती. वरिष्ठांच्या हुकमाची वाट न पाहतां केमालनें ती पुढें नेली व टेकडीच्या माथ्यावरील मोक्याच्या जागा हातच्या जाऊं दिल्या नाहींत. ऑगस्टमधील लढाईंत तोफगोळ्याचा एक तुकडा त्याच्या छातीवर आदळला. खिशांतील घड्याळ फुटलें आणि माणूस वांचला. १९१६ च्या जानेवारींत दोस्त सैन्य परत गेलें. मराठा पलटणींची तुर्कांशीं गांठ पडली ती इकडे नव्हे, तर मेसोपोटेमियांत. पुण्याच्या नांवानें ओळखली जाणारी सहावी डिव्हिजन दीर्घ वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजीं कुत येथें तुर्कांना शरण गेली, आणि त्या कैद्यांतील कित्येक घरीं परतले नाहींत.

याच युद्धकाळांतील एक काळें पान उलटून पुढें जाणें योग्य नव्हे. १९१५ सालीं एन्व्हर व तलात यांच्या सरकारनें आपल्याच देशांतील आर्मेनियन ख्रिस्ती प्रजेची हद्दपारी आरंभिली. वाटेंत कत्तल, भूक व रोग यांनीं लक्षावधि माणसें मेलीं. त्या प्रदेशांतील अमेरिकन मिशनऱ्यांनीं डोळ्यांनीं पाहिलेलें लिहून ठेविलें आहे. केमाल त्या सरकारांत नव्हता. तथापि पुढें त्यानें उभारलेल्या राज्यानेंही या कृत्याची जबाबदारी कधीं उचलली नाहीं.

३० ऑक्टोबर १९१८ रोजीं तुर्कस्ताननें शस्त्रें खालीं ठेविलीं. १३ नोव्हेंबर रोजीं केमाल इस्तंबुलास पोंचला, आणि त्याच दिवशीं दोस्त राष्ट्रांचा आरमारी ताफा बॉस्फरसमध्यें येऊन उभा राहिला. सुलतान दुबळा, मंत्री भयभीत. १५ मे १९१९ रोजीं ग्रीक सैन्य स्मर्ना बंदरांत उतरलें. दुसऱ्या दिवशीं केमालनें एका जुनाट आगबोटींतून राजधानी सोडली व १९ मे रोजीं तो काळ्या समुद्राच्या कांठीं सामसुन येथें उतरला. पूर्वेकडील सैन्याची तपासणी करून शस्त्रें गोळा करावीं, हें त्याला नेमून दिलेलें काम! त्यानें त्याच्या उलट केलें. राजधानींतून परतीचे हुकूम सुटले, तेव्हां त्यानें सैन्यांतील अधिकारपदाचा राजीनामा दिला आणि एर्झुरुम व सिवास येथें लोकप्रतिनिधींच्या परिषदा भरविल्या.

या परिषदांतून जें ठरलें त्याला राष्ट्रीय प्रतिज्ञा म्हणतात. २८ जानेवारी १९२० रोजीं इस्तंबूलच्या शेवटच्या पार्लमेंटनेंही ती मंजूर केली. तिचा आशय थोडक्यांत असा, कीं तहकुबीच्या दिवशीं जो मुलूख आपल्या हातीं होता व जेथें तुर्क व इतर मुसलमान बहुसंख्य आहेत, तो अखंड राहावा. अरबांच्या ज्या भागावर शत्रूचा ताबा आहे, त्याचें भवितव्य तेथील लोकांनीं ठरवावें. मक्का, मदिना, जेरुसलेम, दमास्कस, बगदाद हीं चारशें वर्षें हातीं असलेलीं स्थळें सोडून द्यावयाचीं, हें लेखी कबूल करणें सोपें नव्हतें. एन्व्हरची दृष्टि याच्या अगदीं उलट. मध्य आशियांतील सर्व तुर्की जमातींचें एक विशाल साम्राज्य त्याला हवें होतें. त्या स्वप्नामागें धांवतां धांवतां ४ ऑगस्ट १९२२ रोजीं तो आजच्या ताजिकिस्तानच्या डोंगरांत रशियन सैन्याशीं लढतांना मारला गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस केमालनें आपली निर्णायक चढाई सुरू केली.

परंतु मधल्या दोन वर्षांची हकीकत सांगितली पाहिजे, कारण केमालचें राजकारण तेथेंच कसाला लागलें. १६ मार्च १९२० रोजीं दोस्तांनीं इस्तंबूलचा उघड ताबा घेतला. २३ एप्रिलला अंकारा या आंतल्या भागांतील लहान गांवीं नवी राष्ट्रसभा भरली. सुलतानाच्या न्यायालयानें केमालला देहांताची शिक्षा फर्माविली. १० ऑगस्ट रोजीं सेव्हर येथें सुलतानाच्या वकिलांनीं तहावर सह्या केल्या. त्या तहाप्रमाणें सामुद्रधुन्या आंतरराष्ट्रीय मंडळाकडे, स्मर्ना ग्रीकांच्या कारभाराखालीं, पूर्वेस स्वतंत्र आर्मेनिया, आग्नेयेस कुर्दांना स्वायत्तता आणि सैन्य सुमारें पन्नास हजार! चहूंकडून शत्रु, आणि खजिना रिकामा.

अशा वेळीं सर्वांशीं एकदम लढणारा शूर ठरतो, पण टिकत नाहीं. केमालनें एकेक शत्रु गळाला लावून बाजूला काढला. पूर्वेस आर्मेनियाशीं युद्ध करून तह केला. १६ मार्च १९२१ रोजीं मॉस्को येथें बोल्शेव्हिकांशीं मैत्रीचा तह झाला. कार्स व अर्दाहान घेतले, परंतु बातुम बंदर सोडून दिलें, आणि रशियाकडून सोनें व शस्त्रें मिळूं लागलीं. साम्यवाद मात्र त्यानें आपल्या उंबरठ्याच्या आंत येऊं दिला नाहीं. इटालियन सैन्य त्याच वर्षीं निघून गेलें. २० ऑक्टोबर १९२१ रोजीं फ्रान्सनेंही अंकारा येथें करार केला. त्यासाठीं अलेक्झांड्रेट्टाचा प्रांत केमालला सीरियाकडे ठेवावा लागला. ही गांठ त्यानें मनांत बांधून ठेविली. आतां समोर उरला ग्रीस, व त्याच्यामागें ब्रिटन.

ग्रीक सैन्य अंकाऱ्याच्या जवळ आलें, तेव्हां साकार्या नदीच्या कांठीं २३ ऑगस्टपासून १३ सप्टेंबर १९२१ पर्यंत लढाई चालली. ग्रीक परतले. राष्ट्रसभेनें केमालला गाझी ही पदवी व मार्शलचा हुद्दा दिला. पुढील वर्षभर लोकांनीं चढाईसाठीं घाई केली, सभेंत टीका झाली. तो तयारी करीत राहिला. २६ ऑगस्ट १९२२ रोजीं तोफा सुटल्या व ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ स्मर्नांत शिरलें. चारच दिवसांनीं त्या सुंदर शहराला आग लागली आणि ग्रीक व आर्मेनियन वस्ती भस्मसात झाली. हजारों लोक धक्क्यावर आग व समुद्र यांच्यामध्यें अडकले. या विजयावरील हा डाग पुसला गेलेला नाहीं.

विजयी सैन्य उत्तरेस वळलें. दार्दानेल्सच्या कांठीं चनाक येथें थोडी ब्रिटिश फौज तारेच्या कुंपणामागें उभी होती. एक गोळी सुटती, तर पुन्हां महायुद्ध पेटतें. तुर्की सैनिक बंदुका उलट्या धरून कुंपणापर्यंत गेले. गोळी सुटली नाहीं. ११ ऑक्टोबर १९२२ रोजीं मुदान्या येथें तहकुबी झाली आणि रक्त न सांडतां इस्तंबूल व पूर्व थ्रेस परत मिळण्याची वाट मोकळी झाली. मला विचाराल, तर केमालचा सर्वांत मोठा पराक्रम चनाकचा. कारण तेथें त्यानें लढाई केली नाहीं.

तहाची वाटाघाट स्वित्झर्लंडमधील लोझान येथें झाली. तुर्कांचा वकील इस्मत पाशा. ब्रिटनचे वकील लॉर्ड कर्झन, जे बंगालच्या फाळणीमुळें आपल्याला चांगले परिचित आहेत. इस्मतला ऐकूं कमी येत असे, व गैरसोयीचें कलम निघालें म्हणजे तें आणखीच कमी येई! कर्झनसाहेब एकदां त्रासून परिषद सोडून गेले. अखेर २४ जुलै १९२३ रोजीं तह झाला. परकीय लोकांवर देशाच्या न्यायालयांचा अधिकार चालत नसे, ती जुनी सवलत रद्द झाली. मात्र सामुद्रधुन्यांच्या कांठीं सैन्य ठेवण्याचा हक्क मिळाला नाहीं, आणि तेलानें समृद्ध अशा मोसुलचा प्रश्न अनिर्णित राहिला. २९ ऑक्टोबरला प्रजासत्ताक राज्याची घोषणा होऊन केमाल अध्यक्ष झाला.

लोझानच्या परिषदेंतच ग्रीस व तुर्कस्तान यांनीं लोकसंख्येची अदलाबदल ठरविली. सुमारें १२ लक्ष ख्रिस्ती लोक ग्रीसमध्यें व सुमारें ४ लक्ष मुसलमान तुर्कस्तानांत गेले. कोण ग्रीक व कोण तुर्क हें भाषेवरून नव्हे, तर धर्मावरून ठरलें. तुर्कीखेरीज दुसरी भाषा न येणारे अनातोलियांतील ख्रिस्ती शेतकरी ग्रीसला धाडले गेले, आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानांत आले. मुत्सद्द्यांच्या वहींत हा सुरक्षिततेचा उपाय होता. बोचकें बांधून निघालेल्या म्हाताऱ्यांना त्याचा अर्थ काय वाटला असेल, हें फाळणीच्या कथा ऐकलेल्या आपल्या घरांना वेगळें सांगावयास नको.

खिलाफतीच्या प्रश्नांत हिंदुस्थानचा संबंध आला. मुंबईंत मध्यवर्ती खिलाफत कमिटी होती व येथील मुसलमानांनीं तुर्कस्तानला पैशाची मोठी मदत पाठविली होती. १९२३ च्या अखेरीस आगाखान व अमीर अली यांनीं खलिफाचा मान राखावा म्हणून इस्मतला पत्र लिहिलें. तें इस्तंबूलच्या वृत्तपत्रांत आधींच छापलें गेलें, आणि अंकाऱ्यांत ती परकीयांची ढवळाढवळ मानली गेली. ३ मार्च १९२४ रोजीं खलिफाचें पद रद्द झालें. येथील पुष्कळांची मनें दुखावलीं, व तें साहजिक होतें. केमालचा हिशेब निराळा होता. १९२७ च्या खानेसुमारींत ज्या देशाची वस्ती सुमारें १ कोटी ३६ लक्ष भरली, त्या थकलेल्या देशानें जगांतील सर्व मुसलमानांच्या रक्षणाचा भार घेतला, तर इंग्रज, फ्रेंच व रशियन या तिन्ही सत्तांशीं कायमचें वैर ओढवलें असतें.

मोसुल त्याला सोडावें लागलें. १९२५ सालीं शेख सैद याच्या नेतृत्वाखालीं कुर्दांनीं बंड केलें आणि सैन्य तिकडे गुंतलें. राष्ट्रसंघाचा निकाल विरुद्ध गेला. ५ जून १९२६ च्या तहानें मोसुल इराककडे राहिलें. तुर्कस्तानला २५ वर्षें तेलाच्या स्वामित्वधनांतील शेंकडा १० भाग कबूल झाला. युद्ध करण्याचा सल्ला देणारे होते. त्यानें तो मानला नाहीं.

लिपि, पोशाख, स्त्रियांचे हक्क, कायदे या सुधारणा सर्वश्रुत आहेत, म्हणून येथें विस्तार करीत नाहीं. एवढेंच सांगतों, कीं या राज्यांत मतभेदाला जागा थोडी होती. हलिदे एदिब ही अमेरिकन मिशनच्या मुलींच्या कॉलेजांत शिकलेली लेखिका स्वातंत्र्ययुद्धांत केमालच्या बाजूला उभी होती; पुढें मतभेदामुळें तिला परदेशीं राहावें लागलें, आणि १९३५ सालीं तिनें दिल्लीस जामिया मिल्लियांत व्याख्यानें दिलीं. बुर्सा येथील मिशनची मुलींची शाळा १९२८ सालीं सरकारनें बंद केली. १९३७-३८ सालीं देर्सिमच्या डोंगराळ भागांतील बंड मोडतांना हजारों माणसें मारलीं गेलीं. सीमेबाहेर इतका संयमी असणारा पुरुष सीमेच्या आंत इतका कठोर कां, हा प्रश्न चरित्रकारांना सुटलेला नाहीं.

बाहेर मात्र त्यानें जुन्या वैऱ्यांशीं एकेक करून समेट केला. १९३० च्या ऑक्टोबरांत ग्रीसचे मुख्य प्रधान व्हेनिझेलोस अंकाऱ्यास आले. स्मर्नांत सैन्य धाडणारे तेच! दोन्ही देशांनीं मैत्रीचा तह केला, आणि १९३४ सालीं व्हेनिझेलोस यांनीं शांततेच्या नोबेल पारितोषिकासाठीं केमालचें नांव सुचविलें. सालोनिकांतील केमालचें जन्मघर १९३७ सालीं तेथील नगरपालिकेनें तुर्कस्तानला भेट दिलें. जें मागितलें नाहीं, त्यांतील एक घर असें परत आलें. १९३२ सालीं तुर्कस्तान राष्ट्रसंघांत दाखल झाला. १९३४ सालीं ग्रीस, युगोस्लाव्हिया व रुमानिया यांच्यासह बाल्कन करार झाला. १९३७ सालीं इराण, इराक व अफगाणिस्तान यांच्यासह सादाबादचा करार झाला. आतां उरली ती वहिवाट.

१९३५ सालीं मुसोलिनीनें ॲबिसीनियावर स्वारी केली. ऱ्होड्स व शेजारचीं बेटें इटालीच्या हातीं होतीं, म्हणजे धोका दाराशीं आला. हिटलर सैन्य पाठवून करार मोडीत होता. केमालला सामुद्रधुन्यांवर एका रात्रींत सैन्य उतरवितां आलें असतें. त्यानें तसें न करतां १९३६ च्या एप्रिलांत सर्व राष्ट्रांना रीतसर पत्र पाठवून परिषद मागितली. २० जुलै १९३६ रोजीं माँत्रो येथें करार झाला. सामुद्रधुन्यांचें रक्षण तुर्कस्तानकडे आलें. शांततेंत व्यापारी जहाजांना मोकळी वाट, लढाऊ जहाजांना मर्यादा, आणि काळ्या समुद्राबाहेरील राष्ट्रांच्या आरमाराला आंत राहण्यास दिवसांची व वजनाची अट. हा करार अद्याप चालू आहे. २०२२ च्या फेब्रुवारींत रशिया व युक्रेन यांचें युद्ध भडकलें, तेव्हां तुर्कस्ताननें याच कराराच्या आधारें युद्धांतील राष्ट्रांच्या लढाऊ जहाजांना सामुद्रधुन्या बंद केल्या.

अलेक्झांड्रेट्टाची मनांत बांधलेली गांठ शेवटपर्यंत राहिली होती. १९३४ च्या कायद्यानें त्याला आतातुर्क, म्हणजे तुर्कांचा पिता, हें आडनांव मिळालें होतें. पण अति मद्यपानानें यकृत बिघडून शरीर खंगलें होतें. तरीही १९३८ च्या मे महिन्यांत तो दक्षिणेकडील उन्हांत मेर्सिन व अदाना येथें गेला व सैन्याची पाहणी करीत उभा राहिला, अशा हेतूनें कीं फ्रान्सनें तें पाहावें. त्या प्रवासानें प्रकृति अधिकच ढांसळली. जुलैमध्यें फ्रान्सच्या संमतीनें तुर्की सैन्य त्या प्रांतांत गेलें. पुढील वर्षीं, १९३९ च्या जुलैंत, तो प्रांत हाताय या नांवानें तुर्कस्तानांत सामील झाला. तें पाहावयास केमाल नव्हता. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं सकाळीं ९ वाजून ५ मिनिटांनीं, बॉस्फरसच्या कांठावरील दोल्माबाच्चे राजवाड्यांत त्याचें निधन झालें. वय अवघें ५७.

२१ नोव्हेंबर रोजीं अंकारा येथें अंत्यविधि झाला. ज्या राष्ट्रांशीं तो लढला, त्यांच्या सैन्याच्या तुकड्या त्या मिरवणुकींत होत्या. ब्रिटनच्या वतीनें आलेला वृद्ध फील्ड मार्शल होता तोच खडकीचा बर्डवुड.